सतरा नंबरची नळी

मशीनच्या पडद्यावर सतरा नंबरच्या नळीचा आकडा उमटला आणि ती पुढे वाकून तो पुन्हा वाचू लागली. रक्तातल्या लढाऊ पेशी जेमतेम होत्या. एवढ्याशाच पेशी असल्या तर फुप्फुसाच्या कॅन्सरचं नवं औषध लागू पडत नाही. औषध मोजकंच होतं. ज्याला लागू पडणार नाही, त्याला डॉक्टर ते देणार नव्हते.

प्रयोगशाळेत नावं येत नसत. पेशंटला रांगेत रिकाम्या नळीचं, नंबर घातलेलं पाकीट मिळे. आत जाऊन रक्त दिलं की वहीत त्या नंबरापुढे त्याचं नाव लिहिलं जाई, आणि ती वही डॉक्टरांच्या कपाटात. तपासणाऱ्यांनी काही जाणायचं नाही, हा नियम. पण परवा जिना उतरताना तिला रांगेत दादा दिसला होता. हातातलं पाकीट हलवून तो हसला होता. पाकिटावर ठळक सतरा.

दादा जन्मभर बस कंडक्टर. आईमागे त्यानेच तिला शिकवलं. गाडीत स्वतःची सीटसुद्धा कुणा दमलेल्याला देऊन मोकळा व्हायचा. वर म्हणायचा, "बसून काय अंडी घालायचीत?"

तिने नमुना पुन्हा लावला. आकडा तोच. दहा वर्षं ती हे मशीन चालवत होती, पण इतकं असहाय तिला कधी वाटलं नव्हतं.

खालच्या ओळीत अठरा होता. त्याचा आकडा खणखणीत.

अठराही कुणाचा तरी भाऊ असेल, हे तिला कळत होतं. तरी तिने दोन्ही आकड्यांची अदलाबदल केली, यादी डॉक्टरांकडे पाठवली आणि ती बाथरूममध्ये जाऊन रडली. उरलेलं रक्त नियमाप्रमाणे संध्याकाळी नष्ट झालं.

आठवड्याने ती दादाकडे गेली. तो खिडकीशी बसून वाटाणे सोलत होता. तेवढ्यानेही त्याला धाप लागत होती.

"औषधाची यादी लागली का रे?"

"लागली. काहींना औषध सुरूही झालं. माझं काही जमलं नाही, चिमे."

"असं कसं? सतराला तर..." तिने जीभ चावली.

"सतरा एका मास्तरांचा. माझ्या मागे उभे होते बिचारे, पाय लटपटत होते. म्हटलं, तुम्ही व्हा पुढे." दादाने पुढची शेंग उचलली. "त्यांना माझं पाकीट दिलं आणि मी अठरा घेतला."