टाकीत किती होतं

फॉर्म्युला शर्यतींचा हंगाम सुरू व्हायला दोन आठवडे होते. हंगामाआधीच्या चाचणीत ताईच्या संघाची गाडी दर फेरीला बाकीच्यांपेक्षा पाऊण सेकंद पुढे राहिली. तिचा धाकटा भाऊ दुसऱ्या संघात इंजिनिअर होता. त्याच्या साहेबांनी खांदे उडवले. "टाकी जवळजवळ रिकामी ठेवून पळवतात, दुसरं काय. गाडी हलकी केली की कुणीही पळेल." सगळ्यांना ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

संध्याकाळी त्याने ताईला फोन लावला.

"टाकीत इंधन किती होतं, तेवढं सांग."

"नोकरी घालवशील माझी. दुसरं काहीतरी बोल."

दुसरं म्हणजे आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. तारीख नेमकी पहिल्या शर्यतीच्या आठवड्यात आली होती.

"मला काही जमणार नाही," तो म्हणाला. "इथे सगळ्यांच्या रजा रद्द केल्यात. रोज नवा पार्ट बनवायचा, लावून बघायचा, परत काढायचा. तुमच्याकडेही तेच चालू असणार. मावशीला विचारू या का?"

"तिला कशाला त्रास? मी आहे की," ताई म्हणाली. "आमच्या अख्ख्या वर्कशॉपला सोमवारपासून तीन आठवडे सुट्टी दिलीय."

त्याने समोरच्या कॅलेंडरवर आठवडे मोजले; पहिली शर्यतही त्या सुट्टीतच येत होती.

"अरे, ऐकतोयस ना?"

"हो," तो म्हणाला. "टाकीचं आता नाही सांगितलंस तरी चालेल."