पाणमांजराची सकाळ

पाणमांजर दगडावर चढलं तेव्हा चष्मेवाल्याने श्वासच रोखला. गेले कितीतरी हिवाळे तो या एका जनावरासाठी नदीकाठी बसत आला होता. पायाचे ठसे दिसत, खाऊन टाकलेल्या माशाचं डोकं दिसे, पण स्वारी कधी दिसत नसे. आज ते समोर होतं, अंगावरचं पाणी झटकत. धुकं नुकतं विरळ झालं होतं. त्याने कॅमेरा अगदी सावकाश डोळ्याला लावला.

शेजारी घडीच्या खुर्चीवर त्याची बायको बसली होती. कानटोपी, शाल, उजवा हात मांडीवर निपचित. तिच्याकडून चाहूल लागण्याची भीतीच नव्हती. पावसाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून तिच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता.

एकेकाळी गल्लीत तिला सगळे 'रेडिओ' म्हणायचे. चष्म्याच्या दुकानात हा गिऱ्हाइकाचे डोळे तपासायचा आणि ही गल्ल्यापाशी बसून त्याच्या घरादाराची चौकशी करायची. चष्मा नवऱ्याचा आणि गप्पा बायकोच्या, असं लोक म्हणत. कितीतरी जण नुसता स्क्रू पिळून घ्यायला येत आणि तासभर बसून जात. लग्नानंतर एकदाच तो तिला नदीवर घेऊन गेला होता. समोर बगळा उतरला आणि ही ओरडली, "अगबाई, केवढा हा!" बगळा तर उडालाच, पण पार पलीकडच्या काठावरची बदकंही उडाली. 'तू आपली घरीच बरी,' असं तो म्हणाला होता. हा किस्सा पुढे तीच हातवारे करून सगळ्यांना सांगायची आणि सर्वांत जास्त तीच हसायची.

झटक्यानंतर चालणं हळूहळू जमू लागलं. बोलणं मात्र अडून बसलं. तिला सगळं कळतं, फक्त शब्दांना बाहेरची वाट सापडत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. बोलणं शिकवायला एक बाई घरी येऊ लागल्या. सुरुवातीला ती जिवाच्या आकांताने ओठ हलवायची. मग चिडायची. मग तिने प्रयत्न करणंच सोडून दिलं आणि ती भिंतीकडे तोंड करून बसू लागली.

सुनेने एक दिवस सासऱ्याला सरळ सांगितलं, की दोघं घरात कोंडून घेऊन एकमेकांची तोंडं बघत बसलात तर दोघंही आजारी पडाल. आईंना घेऊनच नदीवर जा. चहाचा थर्मासही तिनेच भरून दिला.

तेव्हापासून ती दोघं रोज सकाळी येत होती. आणि नदीने जणू त्याच्यासाठी दारच उघडलं. पाणकावळे हाताच्या अंतरावर पंख वाळवत बसत. खंड्या त्याच्या समोरच्या फांदीवरून सूर मारी. धोबी पक्षी शेपूट नाचवत बायकोच्या पायाशी येई. असे फोटो त्याला आयुष्यात मिळाले नव्हते. फोटोवाल्या मित्रांनी पाठ थोपटली. तो बरं म्हणायचा आणि घरी येऊन कॅमेरा तसाच ठेवून द्यायचा. हे सगळं बघून ती काय म्हणाली असती, एवढंच त्याच्या मनात यायचं. एवढी वर्षं ज्या शांततेसाठी तो घर सोडून इथे येत होता, ती आता घरातही होती, आणि त्याला खायला उठत होती.

पाणमांजराने मान वळवली. मिशांवरचे थेंबसुद्धा दिसत होते. त्याचं बोट बटणावर टेकलं.

"अहो! पिल्लू!"

आवाज फाटका होता, पण खणखणीत. त्यांच्या पायाशीच, लव्हाळ्यातून एक ओलंचिंब पिल्लू डोकं वर काढून तिच्याकडे टुकूटुकू बघत होतं. दगडावरच्या त्याच्या आईने शीळ घातली आणि दोघांनी पाण्यात बुडी मारली. बदकांचा थवा फडफडत उठला. पाणकावळे गेले, खंड्या गेला, धोबीसुद्धा गेला. क्षणात नदी मोकळी झाली.

बटण दाबायचं राहून गेलं होतं. त्याने वळून पाहिलं. बायकोने डावा हात तोंडावर दाबून धरला होता. चोरी पकडली गेल्यासारखे तिचे डोळे भेदरले होते. हा आता रागावणार, असं तिला वाटत होतं.

कुणाचे आभार मानावेत ते त्याला कळेना. नदीचे, शिकवणाऱ्या बाईंचे, सुनेचे, की त्या आगाऊ पिल्लाचे? कॅमेरा त्याने गवतात कुठे ठेवला ते त्याचं त्यालाही समजलं नाही. तो तिच्यासमोर चिखलात गुडघे टेकून बसला आणि त्याने तिचा हात तोंडावरून हळूच बाजूला केला.

"काय म्हणालीस?"

तिने मान हलवली. ओठ थरथरले. त्याने घाई केली नाही. ती बराच वेळ त्या शब्दाशी झगडत राहिली.

"पि... पिल्लू," ती शेवटी म्हणाली, अगदी हळू, काठावरच्या कुणाला ऐकू जाऊ नये असं.

"हळू कशाला?" डोळे पुसत तो म्हणाला. "चांगली ओरड. सगळी नदी उडाली तरी चालेल."