पायाकडची गाठ

“मरेन, पण तिरडीवर झोपणार नाही!” मालिकेत सासूचं काम करणाऱ्या कुमुदताई हटूनच बसल्या.

सेटवरची प्रॉपर्टी सांभाळणाऱ्या रावजी घागांनी पायाकडच्या सुतळीचं मोकळं टोक उचलून दाखवलं. “ही गाठ मी कधीच मारत नाही, ताई. ही सुटी आहे तोवर हे नुसते बांबू. ‘कट’ म्हटलं की उठायचं आणि चहा घ्यायचा.”

ताई हसल्या, झोपल्या आणि शॉट होताच उठूनही बसल्या. रावजींनी बांधलेल्या तिरडीवरून आजवर झाडून सगळे उठून गेले होते.

दिवाळी सरली आणि रावजींची बायको गेली. बांबू आले, सुतळी आली, पण चाळीतल्या नव्या पोरांना तिरडी बांधायची ठाऊक कुठे! सुतळीचा नुसता गुंता झाला. “तुम्ही नका, काका,” म्हणेपर्यंत रावजीच पुढे सरसावले. हात सरावलेले, भराभर चालले. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. बायका आपसात कुजबुजल्या, “काळीज आहे की दगड?”

आता उचलायचं, तोच शेजारचे तांडेल म्हणाले, “रावजी, पायाकडची गाठ राहिली बघ.”

सुतळीचं टोक मोकळं लोंबत होतं. गाठ मारायला तांडेल वाकले, तसं रावजींनी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

“नको. तेवढी राहू दे.”

“अरे, वाटेत सुटेल ना सगळं.”

तांडेलांनी हळूच आपला हात सोडवून घेतला आणि गाठ आवळली.