खुल्या फोनचं भवितव्य

दुपारच्या गर्दीत मारलेला फोन पाकीटमाराने दाजींपुढे ठेवला. दाजी म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा आणि चोरीच्या फोनचा व्यापारी. त्यांनी फोन उलटसुलट करून पाहिला आणि नाक मुरडून परत सरकवला.

"बंद सिस्टीमवाल्या कंपनीचा आहे, आतलं कुणालाच उघडू देत नाहीत. मालकाने घरबसल्या कुलूप घातलं की खेळ खलास. आता हा टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घाल."

"पण दाजी, महागातला आहे."

"महागातला असून काय चाटायचाय? खुला फोन बघ. आतली सिस्टीम पुसली, नवी टाकली, की फोन नव्याने जन्माला आला. कुणीही उघडावा, कुणीही वापरावा. याला म्हणतात स्वातंत्र्य. या बंद सिस्टीमवाल्या कंपन्या लवकरच गाशा गुंडाळतात की नाही बघ. ज्या फोनला दुसरं गिऱ्हाईकच नाही, त्याला कसलं आलंय भवितव्य?"

पाकीटमाराला पटलं. यापुढे खुलेच मारायचे, असं त्याने ठरवून टाकलं. तेवढ्यात दाजींच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो बाहेर काढला. त्याच बंद सिस्टीमवाल्या कंपनीचा होता, तोही नवाकोरा.

"हे काय दाजी, तुम्हीच?"

"धंद्याचं वेगळं आणि घरचं वेगळं," फोन पुन्हा आतल्या खिशात ठेवत दाजी म्हणाले. "घरी तुझं येणं-जाणं असतं."