पट्टीवरच्या रेघा

क्रेनवाल्याने पहिला सूर लावला आणि साथीला बसलेल्या न्हाव्याने चमकून आपल्याच गिटारकडे पाहिलं. आपणच बेसूर झालो, असं त्याला वाटलं. क्रेनवाला बेसूर होणं म्हणजे सूर्याने पश्चिमेला उगवणं.

वाचनालयाचा हॉल भरला होता. भरला होता म्हणजे वादकांच्या बायका, मेहुणे, साडू आणि नाही म्हणता न आलेले शेजारी. हौशी लोकांच्या कार्यक्रमाला आणखी कोण येणार? मंडळ स्टील गिटारवाल्यांचं. दिवसा कोणी दाढ्या करायचा, कोणी विमा विकायचा, कोणी पाव भाजायचा. न्हाव्याच्या सुट्टीच्या संध्याकाळी त्याच्या दुकानात सगळे जमायचे, गिटार मांडीवर आडवी घ्यायचे आणि तारांवरून पोलादी कांडी सरकवत बसायचे. मांजरं रडवतात, असं त्यांच्या बायकांचं मत.

या वाद्याची तार दाबायची नसते. कांडी नुसती टेकवायची, आणि कुठे टेकवायची ते कानाने ठरवायचं. तारांखालच्या पट्टीवर रेघा आखलेल्या असतात, पण त्या नवशिक्यांसाठी. केसभर इकडेतिकडे झालं की सूर गेलाच. क्रेनवाल्याचा कधी गेला नव्हता. तारा मात्र तो सूर दाखवणाऱ्या काट्याच्या यंत्रावर बघून जुळवायचा. माणूस काटेकोर, असं सगळे कौतुकाने म्हणत. बोलायचाही कमी, नुसता समोरच्याच्या ओठांकडे बघत बसायचा, म्हणून मंडळात त्याला मौनीबाबा नाव पडलं होतं.

कारखान्याचे डॉक्टरही मंडळातलेच. क्रेन चालवणाऱ्यांचे कान दरवर्षी तपासायचं काम त्यांच्याकडे. मौनीबाबाची पाळी आली की ते हसायचे. ज्याचा सूर ऐकून आम्ही आपला सुधारतो, त्याचे कान मी काय तपासणार, म्हणायचे आणि चहा मागवायचे.

याच वर्षी कारखान्यात अपघात झाला. मंडळातल्या सुताराचा धाकटा भाऊ क्रेनखाली माल बांधायचा. लोखंडी तुळया हलवताना तो तुळया आणि भिंत यांच्यामध्ये सापडला आणि जागीच गेला. वरून तो दिसत नव्हता. अशा वेळी खालच्याने शिट्टी वाजवायची आणि वरच्याने थांबायचं, असा नियम. जेवणाची सुट्टी होती, आसपास तिसरं कोणी नव्हतं. मौनीबाबा म्हणाला, शिट्टी वाजलीच नाही. डॉक्टर म्हणाले, याच्या कानांची हमी मी देतो. झालं. मेलेल्याचाच हलगर्जीपणा ठरला. सुताराच्या भावजयीला भेटायला आलेल्या बायकासुद्धा सांगून गेल्या, की बाई, एक शिट्टी फुंकायला असे किती कष्ट पडतात?

सुतार बरेच दिवस मंडळात फिरकला नाही. मग एका संध्याकाळी आला आणि झालं गेलं विसरल्यासारखा मौनीबाबाच्या शेजारी बसला. सगळ्यांना भरून आलं. कार्यक्रमाआधी त्याने मौनीबाबाची गिटार मागून नेली. लाकडाला पॉलिश केलं, पुसट झालेल्या रेघा नव्याने रंगवल्या आणि गिटार स्वतः घरी नेऊन दिली. मौनीबाबाने त्याला मिठी मारली. माणूस असावा तर असा, असं मंडळात एकमताने ठरलं.

आणि आता मौनीबाबा वाजवत होता. मान खाली, डोळे पट्टीवर. एकही सूर जागेवर पडत नव्हता. न्हाव्याने घाईघाईने आपल्या खुंट्या पिळून पाहिल्या, मग साथ सोडून हात मांडीवर ठेवले. साथ थांबली, याचाही मौनीबाबाला पत्ता नव्हता. तो अगदी रंगला होता. चेहऱ्यावर असं समाधान, की बघवत नव्हतं.

पहिल्या रांगेत डॉक्टर आणि सुतार शेजारीशेजारी बसले होते. डॉक्टर सुताराकडे झुकले.

"रेघा चुकल्यात तुमच्या, मिस्त्री," ते हळूच म्हणाले.

"चुकल्या नाहीत. सगळ्या तांदळाएवढ्या सरकवल्यात," सुतार म्हणाला. "कान असलेला माणूस पहिल्याच सुराला सावरतो. माझ्या भावाने शिट्टी वाजवली होती, डॉक्टर."

डॉक्टर हुशार माणूस. त्यांना सगळं एका क्षणात कळलं. न तपासलेल्या कानांची हमी आपण दिली होती, हेही कळलं. मौनीबाबा क्रेनवरून खाली आला, तर एकटा येणार नव्हता. आणि सुताराचं ऐकणार कोण? गिटारच्या रेघांवरून माणसाला बहिरा ठरवतोय, भावाच्या दुःखाने डोकं फिरलं बिचाऱ्याचं, असंच लोक म्हणाले असते.

धून संपली. हॉल चिडीचूप. मौनीबाबाने मान वर केली आणि लोकांच्या हातांकडे पाहिलं.

डॉक्टर उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले.

एवढा शिकलेला माणूस उभा राहून टाळ्या वाजवतोय म्हटल्यावर साडू आणि मेहुण्यांनीही वाजवल्या. मंडळातल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. विमावाल्याला डॉक्टरांच्या ओळखीने गिऱ्हाईकं मिळत; त्याने वाजवल्या. पाववाल्याने त्याचं बघून वाजवल्या. शेवटी न्हाव्यानेही वाजवल्या. सुतार तेवढा बसून राहिला, आणि मागून कोणीतरी म्हणालं, बघा, याच्या मनातली अढी काही जात नाही. हलणारे एवढे हात पाहून मौनीबाबाने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शिडी चढून क्रेनमध्ये जाऊन बसला. खाली माल बांधायला आजपासून नवा माणूस होता. तो एकदा भिंतीकडे बघत होता, एकदा वर. मुकादमाने त्याच्या पाठीवर थाप मारली.

"घाबरू नकोस," मुकादम म्हणाला. "वर बसलाय ना, त्याच्यासारखे कान अख्ख्या कारखान्यात कुणाचे नाहीत."