रोज वाजवतोस तसं

बूजमाचा सूर पुन्हा तुटला, आणि पडद्याआड उभ्या असलेल्या द्राजीला आत कुठंतरी गार गार वाटलं.

पहिल्यांदा तुटला तेव्हा वाटलं, ठसका लागला असेल. पण आता प्रत्येक ओळीच्या टोकाशी तेच होत होतं. चाल डोंगर चढायची, माथ्याजवळ पोचायची, आणि बूजमा ओठांवरची बासरी खाली घ्यायचा. क्षणभर काहीच नाही. नुसती मान डावीकडं कलती करून उभा राहायचा, शरमल्यासारखा. मग बासरी ओठांना लावून पुढची ओळ उचलायचा. पुढच्या रांगेतली पोरं खिदळायला लागली. शहरातून आलेले परीक्षक एकमेकांकडं बघायला लागले.

'संपला दम,' द्राजी मनाशी म्हणाला. 'तंबाखूनं खाल्ला.'

औरेसच्या डोंगरातली सगळी गावं त्या दोघांना ओळखत होती. खरं तर बूजमाला ओळखत होती. लग्न कुणाचंही असो, मांडवात उजवीकडं बूजमा बसायचा, डावीकडं द्राजी, आणि दोघांच्या हातात एकाच ओढ्याकाठच्या बोरूच्या बासऱ्या. एकाचा श्वास सरायचा तिथं दुसऱ्याचा सुरू व्हायचा. तांबडं फुटेपर्यंत सुराचा धागा तुटायचा नाही. पण नवरीची आई खजुराचं ताट घेऊन यायची ती बूजमाकडं. कॅसेटवर फोटो छापला तो बूजमाचा. कडेला द्राजीचा नुसता खांदा आला होता. काल बासरी महोत्सवाच्या उद्घाटनाला निवेदक म्हणाला, "बूजमा आणि त्यांचे साथीदार!" आणि आज सकाळी, शिकवणीच्या वर्गात, ट्युनिसहून आलेली मुलंमुली बूजमाच्या पायाशी दाटीवाटीनं बसली. त्यातल्या एकीनं द्राजीला विचारलं, "काका, इथं कॉफी कुठं मिळते हो?"

यंदाची स्पर्धा एकट्यानं वाजवायची आहे असं कळलं, तेव्हाच द्राजीनं ठरवून टाकलं होतं, दुसऱ्याच्या श्वासाशिवाय सूर अखंड ठेवायचा. हिवाळाभर तो मागच्या खोलीत पाण्याच्या पेल्यात गव्हाची काडी घालून फुंकत बसला. गालात हवा साठवायची, नाकानं आत ओढायची, तोंडानं सोडायची. बुडबुडे थांबता कामा नयेत. "अहो, पाणी उकळलं असेल तर चहा टाकू का?" बायको दारातून विचारायची. तो चिडायचा. पण जर्दाळूची झाडं फुलली तोवर बुडबुडे थांबेनासे झाले.

बूजमाला यातलं काही ठाऊक नव्हतं. सकाळी वर्ग सुटल्यावर तो भाकरी मोडत आला, अर्धी द्राजीच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "गड्या, एकट्यानं वाजवायचं कसं रे? मला काही सुधरत नाही बघ."

"त्यात काय?" द्राजी भाकरी चघळत म्हणाला. "रोज वाजवतोस तसं वाजव."

दुपारी द्राजीचा नंबर आधी लागला. मंचावर तो मुद्दाम अगदी मधोमध उभा राहिला. मेंढपाळांची तीच जुनी चाल त्यानं उचलली आणि शेवटपर्यंत कुठंही खाली ठेवली नाही. श्वास कधी घेतला ते कुणाला दिसलंच नाही. मागच्या बायकांनी जिभा घोळवून असा काही हर्षाचा गजर केला की पटांगणाच्या भिंतीवरची कबुतरं उडाली.

त्यानंतर हा बूजमा. ओळीओळीला फाटणारा.

कशीबशी त्याची चाल शेवटाला आली. तुरळक टाळ्या पडल्या. परीक्षकांतले म्हातारे गृहस्थ माइकपाशी वाकले. "बूजमा, बरं नाही का तुम्हाला? दम पुरत नसेल तर तसं सांगा. उद्या वाजवा."

"दम आहे की हो," बूजमा गोंधळून म्हणाला. "पण तिथं द्राजी वाजवतो. त्याच्या जागेत मी कसा फुंकू?"

पटांगण खदखदून हसलं. त्यांच्याबरोबर बूजमाही थोडं हसला.

द्राजीला हसू आलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढं ती कलती मान उभी राहिली. डावीकडं कललेली. बूजमा ऐकत होता; रोज मांडवात ऐकतो तसा.

कपाळ पुसत बूजमा पायऱ्या उतरून पडद्याआड आला. "तू मात्र झकास वाजवलंस हं," तो म्हणाला. "मी खाली बसून बोटं हलवत होतो. पण लेका, शिरायला कुठं फटच सापडेना!"

द्राजीच्या पाठीवर थाप मारून बूजमा कॉफी बघायला गेला.

संध्याकाळी निकाल लागला. दिवे उजळले, गर्दी उठून उभी राहिली आणि निवेदकानं नाव पुकारलं, "द्राजी!" एकट्याचं. मागं नाही, पुढं नाही, दुसरं नाव नाही. समोरच्या डोंगरानं ते एकदा परत पाठवलं.

तो मंचावर गेला. फोटोवाले हातवारे करून ओरडायला लागले, "मधे या, काका, मधे या!" पण द्राजी डावीकडंच उभा राहिला, उजव्या हाताला एका माणसाची जागा सोडून.