लोणच्याची दुसरी बरणी

"फोटो ठेवायला काहीतरी हवंय," असं म्हणून मी दुकानदाराला हळूच डोळा मारला. शेजारी बायको उभी होती. खरं तर मला सिनेमे डाउनलोड करून टीव्हीवर बघायला दणदणीत स्टोरेज हवं होतं. पण ते सांगितलं असतं तर तिने दुकानाची पायरीसुद्धा चढू दिली नसती.

दुकानदाराने वायफायला जोडायचा एक डबा काउंटरवर ठेवला. "यात चार-चार टीबीच्या दोन डिस्क बसतात. एकत्र जोडल्या तर आठ टीबी जागा. नाहीतर दोन्हींवर तेच ठेवायचं. एक गेली तरी दुसरी शाबूत. पण मग जागा निम्मी."

"आठच करा!" मी घाईने म्हणालो.

"अहो, लोणच्याच्यासुद्धा मी दोन बरण्या भरते," बायको म्हणाली. "एकीला बुरशी लागली तर दुसरी असते. हे तर लेकीच्या बारशापासूनचे फोटो! निम्मी चालेल."

कपाळावर हात मारून मी पैसे मोजले. फोटोंचं पिल्लू मीच सोडलं होतं.

घरी सगळे फोटो चढवले, तरी नव्वद टक्के जागा रिकामी! माझे डोळे लकाकले. सिनेमांची यादी खिशातून काढणार, तोच बायकोने कपाटातून वही काढली. तीन पानं भरून कोरियन मालिकांची नावं.

"एवढ्या उतरवून द्या," ती गोड हसली. "तुम्हाला काय, फोटोंपुरतीच जागा हवी होती ना?"